अर्धे स्वावलंबन, पुऱ्या हिशेबाने

स्वतःला लागणारे सगळे स्वतःच पिकवायचे असे ज्यांच्या मनात येते, त्यांनी आधी एक साधे गणित मांडून पाहावे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 400 ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर वर्षाचे 146 किलो होतात. हेक्टरी तीन टन उत्पन्न धरले, तर चौरस मीटरला 300 ग्रॅम धान्य पदरात पडते. म्हणजे एका माणसाच्या नुसत्या धान्यासाठी 500 चौरस मीटरच्या आसपास जमीन हवी, आणि त्यात तेल, दूध, कपडा, औषध यांपैकी काहीही आलेले नाही. हे गणित कोणाचा हिरमोड करण्यासाठी मांडलेले नाही. ते एकदा कळले की माणूस धान्याच्या नादाला लागत नाही आणि कमी जागेत, कमी कष्टात ज्या गोष्टींनी खर्च खरोखर उतरतो त्यांच्याकडे वळतो. पुढे जे लिहिले आहे ते त्याच गोष्टींविषयी आहे.

पहिले तीन महिने बागेचे किंवा अवजारांचे काहीही विकत न घेता फक्त घरखर्चाची वही लिहावी. किराणा, भाडे किंवा कर्जाचा हप्ता, वीज, पाणी, इंधन, प्रवास, दुरुस्ती अशी खाती पाडावीत आणि प्रत्येक नोंदीपुढे तो खर्च नियमित आहे की प्रसंगाने झालेला आहे, तेही लिहावे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस बहुतेक घरांत असे दिसते की निवारा, प्रवास आणि अन्न या तीनच खात्यांत कमाईचा मोठा वाटा जातो. कुंड्यांतली भाजी किंवा घरचा साबण यांनी जे वाचते ते या तीन खात्यांपुढे किरकोळ असते. मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो: आधी महागड्या कुंड्या, तयार माती आणि पितळी झारी घेतली, वर्षभरात हाती मोजून नऊ टोमॅटो आले, आणि वही उघडण्याची बुद्धी त्यानंतर झाली.

म्हणून निवारा आणि वाहन हे विषय आधी घ्यावेत, जरी ते सर्वांत अवघड असले तरी. घरातली एखादी खोली वर्षातून कितीदा वापरली जाते, हे प्रामाणिकपणे मोजावे. एक खोली कमी असलेल्या घरात राहायला गेल्याने जी बचत होते, तिची बरोबरी गच्चीवरची बाग पुष्कळ वर्षांतही करू शकत नाही. दोन कुटुंबांनी किंवा काही एकट्या माणसांनी मिळून एक मोठे घर घ्यायचे असेल, तर स्नेह कितीही जुना असला तरी करार लेखी असावा. भाड्याची वाटणी, विजेचे बिल, पाहुण्यांचा मुक्काम, स्वयंपाकघराच्या वेळा, साफसफाईची पाळी आणि कोणी मध्येच निघून गेला तर किती आधी कळवायचे, एवढी कलमे त्यात हवीतच. सामायिक घरे मोठ्या तत्त्वांवरून क्वचित मोडतात. ती बहुधा न घासलेल्या भांड्यांवरून मोडतात.

वाहनाचा हिशेब करताना लोक फक्त इंधन धरतात आणि तिथेच फसतात. खरेदीची किंमत आणि विक्रीची अंदाजित किंमत यांतला फरक वापराच्या वर्षांनी भागावा, त्यात विमा, कर, देखभाल, टायर, पार्किंग आणि इंधन मिळवावे, आणि येणाऱ्या बेरजेला वर्षभरात प्रत्यक्ष चाललेल्या किलोमीटरने भागावे. जो आकडा येईल तो सार्वजनिक वाहनाच्या किंवा गरजेपुरत्या भाड्याच्या गाडीच्या दराशी ताडून पाहावा. गाडी जितकी कमी चालते तितका तिचा प्रत्येक किलोमीटर महाग पडतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीची मालकी दोन घरांनी वाटून घेणे किंवा ती सोडूनच देणे हा विचार करण्याजोगा पर्याय आहे.

यानंतर घरातल्या गळत्या शोधाव्यात. रात्री झोपताना विजेच्या मीटरचा आकडा टिपून ठेवावा आणि सकाळी पुन्हा वाचावा; सगळे झोपलेले असताना किती वीज गेली ते कळते. सतत चालू राहणारे 10 वॉटचे एखादे उपकरण वर्षाला सुमारे 88 युनिट खाते, आणि पुष्कळ घरांत अशी काही उपकरणे प्लगला लटकलेली असतात. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार बंद करावे. कपटा सहज ओढून निघत असेल तर रबर सैल झाले आहे. सर्वांत जास्त वीज उष्णतेवर जाते हे ध्यानात ठेवावे. 20 लिटर पाणी 15 अंशांनी तापवायला सुमारे एक तृतीयांश युनिट लागते, तर तेवढ्याच विजेवर 9 वॉटचा एलईडी दिवा जवळजवळ 39 तास चालतो. दिवे विझवत फिरण्यापेक्षा गीझरची वेळ कमी करणे अधिक फळते.

स्वयंपाकाच्या इंधनातही असेच आहे. भांडे एकदा खळखळून उकळले की पुढची आंच बरीचशी हवेतच जाते. जाड चादरी, भुसा किंवा थर्मोकोल यांनी सर्व बाजूंनी भरलेल्या पेटीत झाकणासकट उकळते भांडे ठेवले, तर आतले अन्न साठलेल्या उष्णतेवर शिजत राहते. यात दोन पथ्ये आहेत. अन्न 60 अंश सेल्सिअसच्या खाली येऊन तासन्‌तास पडून राहू नये, म्हणून भांडे पूर्ण भरलेले असावे आणि वाढण्याआधी पुन्हा उकळावे. आणि राजम्यासारखे दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, किमान 10 मिनिटे जोरात उकळल्याखेरीज पेटीत ठेवू नयेत, कारण त्यांच्यातले विषारी द्रव्य मंद उष्णतेने नष्ट होत नाही.

पाण्याची गळती मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी घालवतो. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कोणी ती वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर आतला पडदा गळतो आहे. नळाचा वायसर बदलणे हे दुरुस्तीचे पहिले शिक्षण मानावे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. घराचा मुख्य कॉक बंद करावा आणि नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे. हे न केल्यामुळे माझा एक स्क्रू थेट गटारात गेला होता आणि त्या एका स्क्रूपायी पूर्ण मूठ बदलावी लागली. मुठीचा स्क्रू काढून मूठ उचलावी, खालचा षटकोनी नट पान्याने डावीकडे फिरवून सैल करावा, आणि आतला दांडा हलकेच वर काढावा. त्याच्या टोकाला रबराची काळी चकती असते, तोच वायसर. गळक्या नळातली चकती हाताला कडक लागते आणि तिच्यावर गोल चर पडलेला दिसतो. ती जुनी चकती सोबत नेऊन तंतोतंत त्याच मापाची नवी आणावी, बसण्याची जागा पुसून घ्यावी आणि उलट क्रमाने जोडावे. जोर लावून आवळू नये, कारण आवळलेल्या रबरावर चर लवकर पडतो. सिरॅमिक चकतीच्या नव्या पद्धतीच्या नळांत मात्र आतला आख्खा कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा जोडभाग, बदलावा लागतो.

याच धर्तीवर बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, सायकलचे पंक्चर काढणे, चाकूला धार लावणे ही कामे शिकून घ्यावीत. गॅसची नळी आणि विजेची मुख्य जोडणी ही कामे मात्र जाणकारावरच सोपवावीत. वर्षातून एकदा लागणारे ड्रिल, शिडी, मोठा पाना अशी अवजारे शेजाऱ्यांनी मिळून घ्यावीत आणि कोणाकडे काय आहे याची यादी ठेवावी.

आता बागेकडे येऊ. काय लावावे हे ठरवताना वजनापेक्षा दराकडे पाहावे. जे थोडेच लागते, पण विकत घेताना जुडीच घ्यावी लागते आणि उरलेले सडून जाते, ते आधी लावावे. पालेभाज्या, सुगंधी पाने आणि मिरची या कसोटीला उतरतात. बटाटा-कांदा उतरत नाहीत, कारण ते स्वस्त असतात, टिकतात आणि जागा अडवतात. फळभाजीला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन लागते; पालेभाजी चार तासांतही भागवते. पालेभाजीला 15 ते 20 सेंटिमीटर खोलीचे कोणतेही भांडे चालते, टोमॅटो-वांग्याला मात्र 30 सेंटिमीटरहून अधिक खोली द्यावी. भांडे फुटके असले तरी चालेल, पण तळाला भोके हवीतच. बोटाचे दुसरे पेर बुडेपर्यंत मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. माती भिजलेली असावी पण चिखल नसावा, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारताच फुटावा. या वाफशाच्या खुणेवर अवलंबून राहिले तर पाण्याची वेळापत्रके लागत नाहीत. पालेभाजी उपटू नये; जमिनीपासून दोन बोटे वर कापली आणि मधला कोंब राखला, तर त्याच रोपावर पुन्हा पाने येतात.

खत विकत घेतले तर बागेतली बचत तिथेच संपते, म्हणून ओल्या कचऱ्याचा डबा बागेच्या आधी सुरू करावा. एक भाग ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन भाग वाळका पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा टाकावा. कर्ब आणि नत्र यांचे 25 ते 30 ला 1 असे प्रमाण साधण्याची ही ढोबळ रीत आहे. ढिगाची ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दुर्गंधी आली तर ओले जास्त आणि हवा कमी झाली आहे असे समजून सुके मिसळावे आणि वरखाली करावे. काहीच घडत नसेल तर थोडे पाणी शिंपडावे. मांस, मासे आणि तेलकट अन्न त्यात टाकू नये. उबदार हवेत दोन-तीन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

बी राखायचे असेल तर सरळ वाण घ्यावे, कारण संकरित वाणाच्या बियांपासून आईसारखेच रोप येईल याची खात्री नसते. टोमॅटो, वाटाणा आणि घेवडा यांत बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्याने नवशिक्याने तिथून आरंभ करावा. भोपळा आणि काकडी यांची जातभाईंशी सहज सरमिसळ होते. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबू द्यावे, मग धुऊन सावलीत वाळवावे. पेरणीच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवतात ते पाहिले, की किती दाट पेरायचे ते कळते.

छतावरच्या पावसाचे गणित सोपे आहे: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 20 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पडला तर 200 लिटर होतात, आणि सांडलवंड धरून त्यातले 160 तरी टाकीत येतात. पहिल्या सरीचे पाणी छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते सोडून द्यावे. टाकीच्या तोंडावर बारीक जाळी नसेल तर आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन असते, त्यामुळे टाकी गच्चीवर किंवा सज्जात ठेवण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला विचारावे. हे पाणी बाग, धुणे आणि फरशीसाठी वापरावे, पिण्यासाठी नको.

जादा आलेले पीक टिकवताना वाळवणे ही नवशिक्यासाठी सुरक्षित रीत आहे. कमी आम्लाच्या भाज्या घरी उकळून हवाबंद बाटल्यांत भरण्याच्या फंदात पडू नये. ज्या पदार्थाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जास्त तितके आम्ल कमी) 4.6 हून अधिक आहे, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली 121 अंशांच्या आसपास उष्णता द्यावी लागते. आणि त्या जिवाणूच्या विषाने बिघडलेल्या बाटलीला वास किंवा रंगाचा फरक असेलच असे नाही.

सौर पॅनेलचा विचार मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वापर कमी करण्याआधी पॅनेल घेतले तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही भांडवल गुंतते. शिवाय बॅटरीशिवाय थेट वीजवाहिनीला जोडलेली यंत्रणा वाहिनी बंद पडताच आपोआप थांबते, कारण तारांवर काम करणाऱ्यांना तिच्यापासून धोका असतो. वीज गेल्यावर आपल्या घरात उजेड राहील या आशेने ती घेतली तर निराशा होते. विक्रेत्याकडून भाव घेण्याआधी छतावर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ कुठे सावली पडते ते वेगवेगळ्या ऋतूंत टिपून ठेवावे.

वर्ष सरल्यावर वहीत प्रत्येक उद्योगापुढे वाचलेले पैसे आणि घातलेले तास लिहावेत आणि भागाकार करावा. ज्या कामाचा तासाचा मोबदला नगण्य निघतो आणि ज्यात मनही रमत नाही, ते बिनदिक्कत सोडावे. माझ्या वहीत घरचा साबण असाच बाद झाला. टोमॅटो मात्र हिशेबात बसत नसूनही राहिले आहेत, त्यांचे खाते मी करमणुकीकडे वळवले आहे.