गुलाबी अभ्रकाच्या मागे

एम.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी डेझर्टेशनसाठी कुडाळ तालुक्यात फिरत होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मू-काश्मीरमधल्या रियासीच्या साठ्याची बातमी आली आणि आमच्या वर्गात ज्याच्या-त्याच्या तोंडी लिथियम. रियासीचं लिथियम बॉक्साइटच्या पट्ट्यातलं, मी शोधत होतो पेग्मटाइटमधलं, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या दगडातलं. दोन्हींची गल्लत करू नका, शोधण्याची रीतच वेगळी आहे.

रायगड-रत्नागिरी बहुतेक बेसॉल्टचं, तिथे लेपिडोलाइट, म्हणजे लिथियमचं अभ्रक, शोधत बसू नये. सिंधुदुर्गात मात्र जांभ्याखाली नाइस आणि शिस्ट हे जुने रूपांतरित खडक आहेत. कडावल परिसरात तर अभ्रक मिळतंच. पण सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हातोडा मारून काही हाती लागत नाही, वरचा दगड कुजलेला असतो. ताजा दगड पाहायचा तर ओढ्याचं पात्र, रस्त्याची कापणी किंवा नव्या विहिरीचा ढीग गाठावा.

मला तो अशाच एका ढिगात दिसला: फिक्या गुलाबी अभ्रकाचा तळहाताएवढा तुकडा. हात थरथरले, खोटं कशाला बोलू! विहिरीचे मालक आजोबा कठड्यावर बसले होते. म्हणाले, "काय रे झिला, सोना गावला काय?"

लेपिडोलाइटच्या नावातच ग्रीक 'लेपिस', म्हणजे खवला. आई विळीवर मासे खवलते तेव्हा खवल्यांचा जो ढीग पडतो, तसाच तो बारीक खवल्यांच्या पुंजक्यात दिसतो. म्हणून रंगाआधी पोत बघा. रंग दगा देतो. लेपिडोलाइट करडा किंवा पांढराही असतो, आणि साधं अभ्रक, म्हणजे मस्कोव्हाइटही, गुलाबी निघतं. कठीणपणा आणि वजन दोघांचं इतकं जवळ, की नखाने ओरखडून फारसं कळत नाही.

त्यापेक्षा शेजारी कोण आहे ते बघा. नुसती क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि काळी टुर्मलीन ही खनिजं असतील तर फार आशा धरू नका. गुलाबी-हिरवी टुर्मलीन किंवा पातळ पापुद्र्यांचा पांढरा अल्बाइट (फेल्डस्पारचाच एक प्रकार) दिसला, तर तिथे थांबा. माझ्या ढिगात होती काळीच टुर्मलीन. वहीत तसं लिहिलंही, पण मन मानायला तयार नव्हतं.

रात्री खोलीवर ज्योत-परीक्षा केली. लेपिडोलाइटची कपची ज्योतीत लवकर वितळते आणि ज्योत किरमिजी होते. माझी ज्योत पिवळी! सोडियम. समुद्राकाठी घामात, हवेत, चिमट्यावर सगळीकडे मीठ असतं. चिमटा आधी तापवून ज्योतीचा रंग जाईपर्यंत धरावा, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा पिवळेपणा गेला, पण लाल काही आलं नाही आणि कपची वितळलीही नाही.

एका मित्राने हातातलं एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र वापरायला सुचवलं. लिथियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की त्या यंत्राला ते दिसत नाही. हातातलं यंत्रच हवं तर लिब्स, म्हणजे लेझरने मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र लागतं, नाहीतर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मी दिला. उत्तर आलं: मस्कोव्हाइट.

आजोबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "बरा झाला. नायतर माझी बाव गेली असती."