एजंटमार्फत रीसेल फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी या चुका टाळा

रीसेल फ्लॅटच्या व्यवहारात पैसे अडकतात ते बहुधा टोकनच्या (सौदा धरून ठेवायच्या आगाऊ रकमेच्या) दिवशी. "दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन टाका," असा एजंटचा फोन येतो आणि लाखभर रुपये एका कागदाशिवाय निघून जातात. महिन्याभराने बँक कर्ज नाकारते, मालक टोकन परत द्यायला तयार नसतो आणि एजंट हात वर करतो.

टोकन एजंटच्या खात्यात टाकू नका. ते थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा बँक ट्रान्सफरनेच द्या. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. पावतीवर सगळ्या सहमालकांच्या सह्या हव्यात. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर एकाची सही पुरत नाही. ठरलेली किंमत, पार्किंग, ताब्याची तारीख, सोसायटीचा ट्रान्सफर खर्च कोणाकडे, हे सगळं लिहा. आणि हे वाक्य हवंच: "मालकी हक्कात दोष निघाल्यास किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास टोकनची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत केली जाईल." हे लिहायला मालक कां-कूं करत असेल तर थांबा.

पावती करण्याआधी कागद मागवा: इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीचे सगळे करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्सचं ताजं बिल. नावं ताडून पाहा. मूळ मालक वारले असतील आणि विकणारा फक्त नॉमिनी असेल तर तो त्या नात्याने मालक ठरत नाही, वारसांच्या सह्या लागतात. फ्लॅटवर कर्ज चालू असेल तर बाकी रकमेचं पत्र बँकेकडूनच घ्या आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा. मूळ कागद तिथेच अडकलेले असतात.

क्षेत्रफळ एजंटच्या तोंडी आकड्यावर धरू नका. इंडेक्स टूवर 52.30 चौरस मीटर असेल तर 10.764 ने गुणा: 563 चौरस फूट. त्यात तो आकडा कार्पेटचा (घरातली वापराची जागा) की बिल्टअपचा (भिंती धरून) हेही बघा. जाहिरातीतला 750 बऱ्याचदा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टसारखी सामाईक जागाही धरून) असतो.

बजेट सांगताना फ्लॅटची किंमत एवढंच धरणं ही आणखी एक महागडी चूक. पुणे शहरात 80 लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5.60 लाख (सरकारने ठरवलेला रेडी रेकनरचा भाव जास्त असेल तर त्यावर), नोंदणी 30,000, दलाली 1 टक्का धरली तर जीएसटीसह 94,400. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या फार तर 80 टक्के देते. म्हणजे 16 लाखांचा स्वतःचा वाटा धरून हाताशी जवळपास 23 लाख लागतात. शिवाय किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर मालकाला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. विकणारा परदेशात राहणारा असेल तर दर बराच जास्त लागतो. सीएला आधीच विचारा.

दलाली पहिल्या भेटीतच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, कधी द्यायची. अर्धी नोंदणीच्या दिवशी आणि अर्धी ताबा मिळाल्यावर, असं ठरवलेलं बरं; नाहीतर नोंदणीनंतर एजंटचा फोन लागत नाही. एकच फ्लॅट दोन एजंटांकडून पाहिलात तर दोघंही दलाली मागतात, म्हणून पत्ता नीट विचारूनच बघायला जा. नव्या प्रकल्पात एजंटला पैसे बहुधा बिल्डरकडून मिळतात, तुमच्याकडून मागितले तर का ते विचारा. तिथे त्याचा महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) क्रमांक संकेतस्थळावर तपासा आणि नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका.

"सोसायटीला लाख-दोन लाख द्यावे लागतील," असं एजंट म्हणाला तर पावती कशाची मिळेल ते विचारा. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियमची (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे.