आधी चालणं बघा, मग स्मरणशक्ती

मी नर्स आहे. पुण्यातल्या एका मेमरी क्लिनिकमध्ये गेली अकरा वर्षं पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून केसपेपर भरण्याचं काम माझ्याकडे आहे. यंदा आमच्याकडे दोन मुली नव्याने रुजू झाल्या. पहिल्याच आठवड्यात एकीने एका आजोबांच्या कागदावर लिहिलं, "स्मरणशक्ती चांगली. डिमेन्शिया वाटत नाही." नवीन असताना मीही अशीच घाई केली होती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या आजाराने विचार-स्मरण ढासळणं, म्हटलं की आपल्या डोक्यात अल्झायमरच असतो: तोच प्रश्न दहादा विचारणारी आजी. मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड होऊन येणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया अल्झायमरच्या खालोखाल आढळतो, आणि त्याची सुरुवात बरेचदा विसरण्यापासून होतच नाही. वर्षानुवर्षांच्या बीपीने, शुगरने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लागत नाही.

एक काकू आठवतात. आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक एकहाती केलेल्या. तारीख, वार, नातवाचा वाढदिवस, सगळं तोंडपाठ. सून म्हणाली, "चहा करायला जातात आणि ओट्याशी नुसत्या उभ्या राहतात." मी त्यांना आमच्या पँट्रीत नेलं. त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, साखर घातली, लायटर उचलला आणि थांबल्या. चहापत्ती कुठाय, दूध कुठाय, विचारलं की बरोबर दाखवत होत्या. मी "आता गॅस" म्हटलं की गॅस पेटायचा, आणि पुन्हा हात थांबायचा. साखर दुसऱ्यांदा पडली. चहा होता त्यांच्या डोक्यात, पण एकामागून एक काय करायचं ते हाताशी येत नव्हतं. घरी याला कुणी आळस म्हणतं, कुणी म्हातारचळ. असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

"कधीपासून?" या प्रश्नाला घरचे हमखास "हळूहळूच" म्हणतात. तिथे थांबू नका. सण धरून विचारा. गणपतीत आरती कोण म्हणत होतं? दिवाळीचं सामान कुणी आणलं? संक्रांतीला पाहुण्यांशी बोलत होते का? असं विचारता विचारता एका मुलाला आठवलं, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा उठले ते जड जिभेनेच. दोन दिवसांत बोलणं सुधारलं म्हणून कुठे नेलं नाही. पण भाजीवाल्याचा हिशेब तेव्हापासून जमेनासा झाला. ही एक पायरी. मग काही महिने तसेच, आणि पुन्हा एक पायरी खाली. अशी उतरण दिसली तर केसपेपरवर तारखांसकट लिहा. मात्र बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात उतार खरोखरच हळूहळू असू शकतो, त्यामुळे पायऱ्या सापडल्या नाहीत म्हणून हा आजार नाही, असं समजू नका.

माझी चूक अशी झाली होती. एक निवृत्त कंडक्टर आले होते. गप्प, कशात रस नाही. मी "नैराश्य?" असं लिहिलं आणि पुढचा पेशंट घेतला. डॉक्टरांनी मला परत बोलावलं आणि त्यांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, वळताना सात-आठ पावलं. डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्यांना कळलंही नाही. मग डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला त्यांच्या लघवीबद्दल विचारलं. त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत होतं." हे त्या आपणहून कधीच सांगणार नव्हत्या. एमआरआयमध्ये जुन्या छोट्या स्ट्रोकच्या खुणा निघाल्या. नैराश्य या आजारासोबत बरेचदा येतं. ते लिहायला हरकत नव्हती, पण मी चालणं बघितलं नव्हतं. तेव्हापासून पेशंटला हाक मारून मी दारातच उभी राहते आणि खुर्चीपर्यंत येताना बघते.

साध्या गोष्टीवरून एकदम रडू कोसळणं आणि क्षणात थांबणं, हेही विचारा. चाचणी घेताना आधी सांगितलेला शब्द आठवला नाही तर "ते एक फूल होतं" अशी खूण द्या. खूण दिल्यावर शब्द आला, तर तो आत साठलेला आहे, काढताना अडकतोय. अल्झायमरमध्ये खुणेचा फारसा उपयोग होत नाही. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असतात, त्यामुळे निदान डॉक्टरांवर सोडा. आपण बघितलेलं नेमकं लिहायचं.

आणि काही पेशंट रांगेत बसवायचेच नाहीत. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, हे आत्ता सुरू झालं असेल तर तडक स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दोन दिवसांतच भ्रमिष्टासारखे वागू लागले असतील तर इन्फेक्शन, कमी झालेलं सोडियम किंवा नवं औषध यांचा विचार आधी. पडल्याचा इतिहास असेल तर तोही ठळक लिहा, डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं.

शेवटी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा. बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या अर्ध्या भरलेल्या निघतात. "बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली," असं सांगतात. गोळी कधी बंद केली तो महिना विचारा, आणि तो त्या सणांच्या यादीशेजारी लिहा.