शहराच्या वेशीवरचे पक्षी: एकच जागा धरून नोंद कशी ठेवावी

पक्षी पाहायला म्हणून लोक पहाटे गाडी काढतात आणि शंभर किलोमीटरवरचं अभयारण्य गाठतात. वाटेत शहराची शेवटची इमारत मागे पडते. तिच्या पलीकडे प्लॉटिंगचे दगड रोवलेलं माळरान असतं, पाणी साचलेली बंद दगडखाण असते, बाभळीची रांग असते, नाला शेतात शिरतो. हा पट्टा कुणी पाहत नाही. खरं तर उघडं पाणी, गवत, काटेरी झुडपं आणि शेत इतक्या जवळजवळ जंगलातही सहसा सापडत नाहीत. शिवाय हा पट्टा झपाट्याने बदलतो, त्यामुळे इथली नियमित नोंद पुढे कामाला येते. दूरच्या सहलीतून यादी वाढते, पण नोंदीसाठी पुन्हा पुन्हा जाता येईल अशी जागाच लागते.

जागा निवडताना पहिली अट म्हणजे घरापासून वीस मिनिटांत पोहोचता आलं पाहिजे. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात जाणं बंद होतं. दुसरी अट पाण्याची: खाण, पाझर तलाव, शेततळं, अगदी सांडपाण्याचा नालाही चालेल. तुतवार आणि धोबी या पक्ष्यांना पाण्याच्या वासाशी देणंघेणं नसतं, चिखलातले किडे मिळाले की झालं. तिसरी अट, साधारण एक ते दीड किलोमीटरची चालण्याजोगी वाट. ती एकदा ठरली की दर वेळी तिथूनच सुरुवात करायची, त्याच दिशेने जायचं आणि तिथेच थांबायचं. वाट रोज बदलली तर पक्षी कमी झाले की आपणच वेगळीकडे फिरलो, हे कळायला मार्ग उरत नाही. वाट शेतातून जात असेल तर मालकाला आधी विचारा. एकदा ओळख झाली की काल रात्री उसाकडेला काय दिसलं, हे तेच सांगतात.

दुर्बीण

८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते: ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. पहाटेच्या अंधुक उजेडात हीच जाडी उपयोगी पडते. १० पटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हाताचा कंपही दहापट दिसतो आणि दृश्याचा घेर लहान झाल्यामुळे झुडपात हलणारा वटवट्या सापडतच नाही. मोठ्या तलावावरची बदकं हाच मुख्य उद्योग असेल तर १० पटीची घ्यायला हरकत नाही. १६ किंवा २० पट लिहिलेल्या छोट्या, स्वस्त दुर्बिणी घेऊच नयेत.

दुर्बीण नवी असूनही धूसर दिसते ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा डायॉप्टर जुळवलेला नसतो. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर सारखा नसतो आणि तो फरक भरून काढायला एका नेत्रिकेवर (डोळ्याकडच्या भिंगावर), बहुधा उजव्या, फिरणारी कडी असते, तोच डायॉप्टर. जुळवायची पद्धत अशी: पन्नासेक फुटांवरचा अक्षरं असलेला फलक निवडा. उजवं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करून घ्या. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्वच्छ करा. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, कारण पिशवीत घासून ती सरकते. यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली बसवा. चष्मा नसेल तर वर काढा. वाट्या चुकीच्या असल्या की दृश्याच्या कडेला काळ्या सावल्या नाचतात.

पक्षी सापडत नाही याचं कारण बहुतेकदा एकच असतं: माणूस आधी दुर्बीण डोळ्याला लावतो आणि मग पक्षी शोधतो. उलट करा. नजर पक्ष्यावर रोखून ठेवा, मान हलवू नका आणि दुर्बीण वर आणून नजरेच्या आड सरकवा.

सकाळची फेरी

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले. फक्त शिकारी पक्ष्यांसाठी थोडं थांबावं लागतं. जमीन तापून हवा वर चढू लागली की, म्हणजे नऊ-साडेनऊनंतर, ते घिरट्या घालायला निघतात. सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. पश्चिमेच्या काठावरून पाहिलं तर हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोकही दिसत नाही, नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. संध्याकाळी याच्या उलट.

तलावाच्या बांधावर ताठ उभं राहणं टाळा. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती दिसली की बदकं आणि वारकरी पक्षी लगेच पलीकडच्या काठाला सरकतात. बांधाआधीच थांबा, वाकून वर या आणि फक्त डोकं बांधाच्या वर काढा. आधी दुरूनच सगळं पाणी डावीकडून उजवीकडे पाहून घ्या. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, म्हणून एकच टिबुकली तीनदा मोजली जाते. एका नजरेत दिसलेला सगळ्यात मोठा आकडा तोच खरा धरायचा. घारींनाही हाच नियम. कचरा डेपोवर त्या सतत फिरत असतात, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या मोजत बसू नका, एका क्षणी हवेत किती आहेत तेवढ्याच मोजा.

वाटेत ठरावीक ठिकाणी पाच मिनिटं गप्प उभं राहा. चालताना ऐकू येणारे आवाज निम्मे तरी आपल्याच बुटांचे असतात.

ओळख पटवताना

रंग सगळ्यात शेवटी बघा. उन्हात, धुक्यात आणि पिल्लांच्या पिसाऱ्यात तो फसवतो. आधी आकार: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच जाड की बारीक, शेपटीचं काय चाललंय, पक्षी कुठे बसलाय. मातकट रंगाचा छोटा पक्षी जमिनीवर दिसला की नवखे लोक चंडोल लिहून मोकळे होतात. चंडोल ठेंगणा आणि जाड चोचीचा असतो. तीरचिमणी मात्र सडपातळ, ताठ उभी राहणारी, धावता धावता मध्येच थांबून शेपूट हलवणारी. आणि हवेत सरळ वर जाऊन दगडासारखा खाली पडणारा, पुन्हा वर जाणारा छोटा पक्षी दिसला तर तो डोंबारी.

धोबी पक्ष्यांत गोंधळ नक्की होतो. मोठ्या धोब्याचं डोकं आणि गळा काळा असून डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते. हा बारा महिने इथेच असतो. पांढऱ्या धोब्याचा चेहराच पांढरा, आणि तो हिवाळी पाहुणा. पाठ करडी आणि पोट पिवळं, शेपूट लांबलचक, असं दिसलं तर तो करडा धोबी. त्याला वाहतं पाणी आवडतं, म्हणून नाल्यावर शोधा.

हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला शिकारी पक्षी म्हणजे कापशी किंवा खरुची. कापशी पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. खरुची विटकरी रंगाची, लांब शेपटीची आणि बहुधा हिवाळ्यात दिसणारी. शिक्रा आणि पावशा यांत तर जाणकारही चकतात, कारण पावशाने शिक्र्याचं हुबेहूब सोंग घेतलेलं असतं. चोच बघा: शिक्र्याची आखूड आणि आकडेदार, पावशाची जवळजवळ सरळ. डोळ्याभोवती पिवळं कडं असेल तर पावशाच. ढोकरी चिखलात बसली की मातीसारखी दिसते आणि उडाली की एकदम पांढरे पंख उघडतात. तो वेगळा पक्षी समजून दोनदा लिहू नका.

आवाज ओळखणारी ॲप मदतीला चांगली, पण पुरावा म्हणून कच्ची. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप बिचारं शिक्रा लिहून टाकतं. स्वतः पाहिल्याशिवाय किंवा आवाज स्वतःला ओळखता आल्याशिवाय ॲपने सुचवलेलं नाव यादीत घालू नये.

नोंद

प्रत्येक फेरीला तारीख, सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, किती माणसं आणि प्रत्येक जातीचा आकडा लिहा. हवेतलं धुकं, वारा आणि तलावात पाणी किती होतं, हे एका ओळीत पुरे. वही चालते, पण २००२ पासून सुरू असलेल्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती इतरांच्याही उपयोगी येते. तिथे यादी पूर्ण आहे का, असा प्रश्न येतो. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल तरच हो म्हणा. कावळा, कबुतर, साळुंकी गाळून फक्त भारी पक्षी लिहिले तर ती यादी अपूर्ण. पूर्ण यादीत चिमणी नसेल तर चिमणी आढळली नाही असा अर्थ निघतो. अपूर्ण यादीतून काहीच कळत नाही. काही न दिसलेल्या सकाळचीही यादी टाका.

संध्याकाळी झोपायला जाणारा भोरड्यांचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा आणि त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा. मग त्याच मापाने थवा पुढे मोजत जा: शंभर, दोनशे. थव्याची कड विरळ आणि मध्य दाट असतो, म्हणून दहाचं माप मध्यातून घ्या, नाहीतर आकडा खूप कमी येतो.

खुणांवरून प्राणी

कडेच्या भागातले बहुतेक प्राणी रात्री फिरतात; दिसतात त्या खुणा. ओल्या मातीतला ठसा सकाळच्या तिरप्या उजेडात पाहा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून बरोबर वरून फोटो काढा, कारण तिरक्या फोटोत माप चुकतं. चार बोटं आणि नखांच्या खुणा असतील तर कुत्र्याच्या कुळातलं किंवा तरस. नखं नसतील आणि पंज्याच्या गादीची मागची कड तीन ठिकाणी फुगीर असेल तर मांजरकुळातलं. मुंगसाला पाच बोटं आणि बारीक नखं. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो आणि हाडं खाल्ल्यामुळे त्याची विष्ठा वाळून पांढरी पडते. पण वस्तीजवळ कोल्हा की भटका कुत्रा, हे एकट्या ठशावरून ठरवू नका. बोरांच्या बिया असलेली विष्ठा, संध्याकाळची कोल्हेकुई असा दुसरा आधार मिळेपर्यंत शंका लिहून ठेवा.

बिबट्याचा ताजा ठसा दिसला तर माग काढत जाऊ नका. माघारी फिरा, महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

काय करू नये

टिटवी जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते, बहुधा चार, आणि उन्हाळाभर घालते. ती ओरडत डोक्यावर येऊ लागली की अंडी पायाजवळ आहेत असं समजून आल्या वाटेने मागे जा. पुढे गेलात तर अंड्यांवर पाय पडू शकतो, आणि थांबून राहिलात तर टिटवी अंड्यांवर परतत नाही. दुपारच्या उन्हात तेवढ्याने अंडी तापून जातात. घरट्याचा फोटो, घुबडाची ढोली, घोरपडीचं बीळ, यांचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. घुबडं अंधश्रद्धेपायी मारली जातात आणि फोटोमागे फोनचं ठिकाण चिकटलेलं असतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, पण तो लागू होईपर्यंत घुबड गेलेलं असतं. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणंही नको, विशेषतः विणीच्या दिवसांत. आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून नर खाणंपिणं सोडून भांडायला धावतो.

स्वतःची काळजीही घ्यायची. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला, पँट मोज्यात खोचा. गुरं चरतात तिथल्या गवतात गोचीड असते. खाणीच्या कडेचा मुरूम पावसानंतर ढासळतो. डेपोजवळच्या कुत्र्यांच्या टोळीपुढे पळायचं नाही. काठी हातात ठेवून हळूहळू बाजूला व्हायचं.

वर्षाचा हिशेब

धोबी, तुतवार, खाटीक हे पाहुणे पक्षी सप्टेंबरपासून उतरू लागतात, भोवत्या हा शिकारी पक्षी त्यांच्या मागोमाग गवतावर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलाव भरलेला असतो; याच दिवसांत ज्वारीवर भारीट पक्षी येतात. मार्च-एप्रिलमध्ये पाहुणे निघतात आणि उरलेल्या डबक्यावर गर्दी होते. फेरी तिथे जास्त वेळ थांबवा. मेअखेर आणि जूनमध्ये चातक येतो, पावशा ओरडत असतो, मग सुगरणी बाभळीवर विणायला बसतात. पावसाळ्यात दुर्बीण चामडी पेटीत बंद ठेवली की भिंगाला आतून बुरशी धरते आणि ती सहसा निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की तापवून कोरड्या करा. भिंगावर चिखल उडाला तर सदऱ्याने पुसू नका: आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी भिंगाचंच कापड.