इंग्रजी शब्दांची गल्लत कशी टाळावी

गल्लत होणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण यादीत शेजारी बसवलेले दोन शब्द आठवतातही जोडीनेच आणि त्यांतला कोणता घ्यायचा हा प्रश्न ऐन वेळी तसाच उरतो. त्याऐवजी प्रत्येक जोडी मराठीवर ताडून पाहावी आणि तिथे मराठी दोन शब्द वापरते की एकावरच भागवते, हे आधी ठरवावे.

मराठीत दोन शब्द असतील तर काम सोपे होते. ‘हिअर’ म्हणजे ऐकू येणे, ‘लिसन’ म्हणजे लक्ष देऊन ऐकणे. ‘रिमेंबर’ म्हणजे आठवणे, ‘रिमाइंड’ म्हणजे आठवण करून देणे. ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे, ‘लेंड’ म्हणजे उसने देणे. अशा ठिकाणी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहिले की पुरते.

खरी अडचण मराठी एकाच शब्दावर भागवते तिथे आहे. आपण ‘सकाळपासून’ म्हणतो आणि ‘दोन तासांपासून’ही म्हणतो, त्यामुळे ‘सिन्स टू अवर्स’ ही चूक कानाला खटकतच नाही. इंग्रजीत ‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ येते, मग ती सकाळ असो, सोमवार असो वा 2019 हे साल, किती काळ गेला हे सांगायचे असेल तर ‘फॉर’ हवे. शिवाय आपण ‘मी 2019पासून इथे राहतो’ असा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीला मात्र तिथे ‘आय हॅव लिव्ह्ड’ लागते.

‘पर्यंत’ त्याहून फसवे आहे. ‘सोमवारपर्यंत थांबेन’ यात थांबणे अखंड चालते, म्हणून ‘अंटिल’; ‘सोमवारपर्यंत अहवाल देईन’ यात काम त्या मुदतीच्या आत कधीतरी एकदाच होते, म्हणून ‘बाय’. शंका आल्यास वाक्यात ‘सतत’ घालून पाहावे आणि अर्थ टिकला तर ‘अंटिल’ वापरावे. ‘सोमवारपर्यंत येणार नाही’ यात न येण्याची स्थिती टिकून राहते, म्हणून तिथेही ‘अंटिल’च.

उरलेल्या जोड्या निव्वळ स्पेलिंगच्या आहेत आणि तिथे मराठीची मदत होत नाही. ‘अफेक्ट’ बहुधा क्रियापद असते व ‘इफेक्ट’ बहुधा नाम, म्हणून आधी ‘द’ किंवा ‘ॲन’ बसत असेल तर ‘इफेक्ट’ लिहावे. ‘ॲडव्हाइस’मध्ये सी असला की नाम आणि एस असला की क्रियापद, आणि हा फरक उच्चारातही ऐकू येतो. ‘प्रॅक्टिस’ला हाच नियम ब्रिटिश लेखनात लागतो, पण तिथे उच्चार एकच आहे, अमेरिकी लेखनात दोन्हीकडे सीच असतो. ‘इट्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालण्यापूर्वी त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहावे. वाक्य मोडले तर ॲपॉस्ट्रॉफी नको. नामांची मालकी दाखवायला हेच चिन्ह लागत असल्यामुळे इथे जन्मापासून इंग्रजी बोलणारेही चुकतात.