सर्व्हर रूममध्ये पेनड्राइव्ह घेऊन फिरायचं नसेल तर

आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये एसीचा वारा थेट मानेवर येतो, त्यामुळे तिथे उभं राहून ओएस टाकायची मला हौस नाही. मी ती खुर्चीत बसून नेटवर्कवरून टाकते; अशा बूटला पीएक्सई म्हणतात. माझी पद्धत अल्मालिनक्स या लिनक्सच्या प्रकारासाठी आहे, पण सांगाडा सगळीकडे साधारण तोच.

आधी इन्स्टॉलेशनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क) मागून घ्या. नाहीच मिळालं तर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये लावा: आयपी पत्ता नेटवर्कातला जुनाच डीएचसीपी सर्व्हर देतो, बूटची फाइल कुठे आहे तेवढं डीएनएसमास्क सांगतो. स्विचच्या त्या पोर्टांवर पोर्टफास्ट ही पोर्ट लगेच उघडणारी सेटिंगही चालू करून घ्या. नाहीतर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कात फेरा होऊ न देणारी स्विचची व्यवस्था) पोर्ट उघडायला ३० सेकंद घेतं, तोवर सर्व्हर डीएचसीपीची वाट बघून कंटाळलेला असतो आणि आपण उगाच केबली बदलत बसतो.

जुन्या बायोस फर्मवेअरच्या मशिनला बूटची फाइल वेगळी, नव्या यूईएफआयला वेगळी. मशीन डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमधून स्वतःचा प्रकार कळवतं, त्यावरून फाइल निवडता येते. टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलवरून फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्राम द्या. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि बाकीचा पसारा एचटीटीपीवरून. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटांचा तुकडा पाठवून पोच येईपर्यंत थांबतं, त्याच्या नादी लागू नका.

खरी काळजी इथून पुढे. 'दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर इन्स्टॉल' असा मेन्यू बरेच जण लिहितात. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं असेल, तर रात्री वीज जाऊन आली की सर्व्हर एकदम उठणार आणि चालू डेटाबेसवर कोरं लिनक्स चढणार! माझ्याकडे उलटं आहे. मशिनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाच्या) नावाची स्क्रिप्ट वेब सर्व्हरवर असेल तरच इन्स्टॉल. नसेल तर आयपीएक्सई मुकाट बाहेर पडतं आणि मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठतं. किकस्टार्ट म्हणजे इन्स्टॉलरला सगळी उत्तरं आधीच देणारी फाइल. तिच्या शेवटी चालणाऱ्या पोस्ट भागात कर्ल या कमांडची एक ओळ आहे, ती काम झाल्यावर वेब सर्व्हरला ही स्क्रिप्ट काढून टाकायला सांगते. परवानगी एका वेळेपुरतीच.

किकस्टार्टमध्ये डिस्क 'एसडीए' म्हणून लिहू नका. ही नावं एका बूटला एक, दुसऱ्याला दुसरी अशी बदलू शकतात. इग्नोअरडिस्क कमांडच्या ओन्ली-यूज पर्यायात बाय-आयडीचा, म्हणजे डिस्कचा सिरियल नंबर असलेला, पूर्ण मार्ग द्या. ही फाइल एचटीटीपीवरून त्या नेटवर्कातल्या कुणालाही वाचता येते, म्हणून रूटचा उघडा पासवर्ड नको. एसएसएचची चावी टाका. पॅकेजेस मोजकीच, पुढचं सगळं सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं अ‍ॅन्सिबल बघेल. वापरण्याआधी फाइलमधल्या चुका दाखवणारं केएसव्हॅलिडेटर फिरवा.

मग उरतं खुर्चीतलं काम. आयपीएमआयटूल ही कमांड बीएमसीशी, म्हणजे सर्व्हरमधल्या दूरनियंत्रणाच्या चिपशी, बोलते; तिने बूटडेव्ह (कुठून बूट व्हायचं ते) पीएक्सई करा, यूईएफआय असेल तर ईएफआयबूटचा ऑप्शन जोडा आणि पॉवर सायकल (बंद करून पुन्हा चालू). हा बदल पुढच्या एकाच बूटपुरता असतो. इन्स्टॉलेशन कुठवर आलं ते सिरियल ओव्हर लॅनवर, म्हणजे नेटवर्कवरून दिसणाऱ्या कन्सोलवर, बघता येतं. बीएमसी मात्र वेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

रॅकमध्ये नवं मशीन चढवणाऱ्या मुलांकडून मी दोनच फोटो मागते: मॅक पत्त्याचा आणि डिस्कवरच्या सिरियल नंबरचा.