सीबीएसवर जाताय? आधी पिग्मीची मशीनं मोजा

बँकेच्या जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमवरून सीबीएसवर, म्हणजे सगळ्या शाखा एकाच यंत्रणेत जोडणाऱ्या कोअर बँकिंगवर, जायचं ठरलं की बॅकअप घ्या, जनरेटरमध्ये डिझेल भरा, हे कुणीही सांगेल. तारीख दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारची धरा, म्हणजे सलग दोन दिवस मिळतात. मार्चच्या आसपास नको म्हणजे नको.

खात्यांची साफसफाई सहा महिने आधी काढा. एकाच माणसाचे तीन शाखांत तीन ग्राहक क्रमांक निघतात. ते एक केले नाहीत तर व्याजाची बेरीज तुटक राहते आणि टीडीएस चुकतो. नावं जुन्या मराठी फाँटमध्ये असतील तर युनिकोडमध्ये आणल्यावर माणसाने वाचायची. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, आणि स्वतःचं नाव बिघडलेलं कुणालाच चालत नाही.

आता पिग्मी, म्हणजे एजंट दारोदार फिरून गोळा करतात ती रोजची छोटी बचत. एजंटाच्या मशीनमध्ये जुने खाते क्रमांक असतात आणि वसुली शाखेत उतरवेपर्यंत त्यातच पडून असते. आम्ही शुक्रवारी रात्री डे-एंड केला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद केला, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज) पैशापैशाला जुळली, पेढे वाटले. दोन एजंटांची मशीनं त्यांच्या घरी! शनिवार-रविवारीही ते गल्लोगल्ली फिरले, पावत्या फाडल्या. सोमवारी नवी यंत्रणा तो डेटा घेईना. भाजीवाल्या मावशींच्या हातात पावती, खात्यात काही नाही. अकरा रात्री आम्ही पावत्या बघून हाताने नोंदी केल्या. म्हणून शुक्रवारी दुपारपासून वसुली बंद, मशीनं शाखेत, कपाटाला कुलूप. एजंट कुरकुरतील, त्यांचं कमिशन बुडतं. बुडू द्या, किंवा बँकेने भरून द्या. पण मशीनं आत.

रंगीत तालीम किमान तीनदा, खऱ्या डेटावर. कंटाळा आला तर ब्रिटनची टीएसबी बँक आठवा. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी शनिवार-रविवारात कारभार नव्या यंत्रणेवर नेला आणि लाखो ग्राहकांना खातंच उघडेना. २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड बसला. तालमीत पिग्मीची फाइलही चढवून बघा. आम्ही फक्त बचत आणि कर्ज चढवलं होतं.

बाकी पासबुकाची छपाई, नाचचे मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची संमती), लॉकरभाडं, सोनेतारणाच्या पाकिटांचे क्रमांक, बघून घ्या. जुना सर्व्हर भंगारात घालू नका, लेखापरीक्षक जुना उतारा मागतोच. सस्पेन्स खातं, म्हणजे न जुळलेल्या रकमा पडतात ते, रोज बघा.

आणि शुक्रवारी पेढे आणण्याआधी, एजंट किती, कपाटात मशीनं किती? फोनवर विचारू नका. कपाट उघडून मोजा.